अक्काच्या अंगातली देवी

आमची गिरिजाक्का कुठंही बसायच्या आधी जमीन चाचपून घ्यायची. पाट सरकवायची, तांब्या लांब ठेवायची, उंबऱ्यापासून हातभर मागं सरायची आणि मगच टेकायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिचं हे चालायचं. कुणी हसलं तर म्हणायची, "पडणाऱ्यानं आधी जागा बघावी, बाई. मिरवायचं काम तुमचं." अक्काला मिरगी होती. आज मी हे सरळ लिहिते आहे. तेव्हा घरात हा शब्द उच्चारला असता तर अप्पांनी जीभच हासडली असती.

अप्पा म्हणजे आमचे वडील. लातूरच्या गंजबाजारात आडतीचं दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि गावात मोठा मान. निजामाच्या अंमलदारांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना वाकून रामराम करायचे. अक्काला उदगीरला दिलं होतं. सासरी पहिला झटका आला आणि त्या लोकांनी तिला गाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. पुढं एकदा जत्रेत ती भर गर्दीत कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. माणसं जमली तसं अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "देवी आली हो अंगात, कुंकू आणा!" झालं! लिंगाशिवाय दुसरा देव न मानणाऱ्या लिंगायताच्या घरात देवी कशी काय अवतरली, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. मिरगीच्या घरातली पोरगी कोण करून घेणार? आणि माझं लग्न व्हायचं होतं. ते सोंग माझ्यासाठी उभं राहिलं, ह्या विचारानं अजून मान वर होत नाही.

झटका काही पंचांग बघून येत नसे. पण आला, की गल्लीभर निरोप जायचा आणि बाया ओटीचं सामान घेऊन धावायच्या. तोवर अक्का गळून निपचित पडलेली असायची. तिच्या कपाळी मळवट भरायचा, बायांनी गाऱ्हाणं सांगायचं आणि देवीच्या वतीनं उत्तर अप्पांनी द्यायचं. अक्का जागी झाली की दात लागून सुजलेल्या जिभेनं पुटपुटायची, "माझ्या पाया पडून राहिल्या ह्या. कुठं तोंड लपवू गं?"

एकदा ती चुलीवर पडली. कोपरापर्यंत हात भाजला. तेव्हा मात्र अप्पा हबकले. उमरीला पाहुण्यांकडं चाललोय असं गल्लीत सांगून त्यांनी आम्हा दोघींना मोटारीत बसवलं आणि नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी मिरगीवाल्या बायांसाठी एक खोली वेगळी राखली होती. खाट एकही नाही, सगळ्या गाद्या जमिनीवर, कंदील उंच टांगलेला. हैदराबादेत शिकलेला तो माणूस अक्काला म्हणाला, "बेटी, ये बीमारी है, सजा नहीं. दवा एक रोज बी छोडना नक्को."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गादीवरच्या बाईला झटका आला. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, गळ्याजवळची चोळी सैल केली आणि नुसते शेजारी बसून राहिले. चप्पल हुंगवणं नाही, कांदा नाही, आरडाओरडा नाही. अक्कानं माझा दंड घट्ट धरला होता. मिरगी तिची जन्माची सोबतीण, पण तिनं ती बघितली होती कुठं? "मी अशीच दिसते व्हय गं?" मी हो म्हणाले. पदर तोंडावर ओढून ती भिंतीकडं तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं उठली आणि त्या बाईचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायला लागली.

डॉक्टरांनी बाटलीत दिलेल्या खारट औषधानं घरी आल्यावर झटके जवळजवळ थांबले. पण आम्हाला दवाखान्यात कुणीतरी बघितलं होतं, गल्लीत कुजबुज सुरू झाली. त्यातच चाकूरचे लोक मला बघायला येणार होते. अप्पा अक्काला म्हणाले, "चार दिवस बाटली ऱ्हाऊ दे, गिरिजा. पाव्हण्यांदेखत एकदा देवी आली की गावाची तोंडं बंद." बाप हो तो! अक्का एवढंच बोलली, "झाकलेलं नासतंय, अप्पा." त्यांनी बाटली कुलपात टाकली.

चाकूरकर ओसरीवर बसले होते, मी पोह्यांच्या बशा त्यांच्या हाती देऊन उभी, आणि रेणापूरची एक बाई पोराला खांद्यावर टाकून अंगणात आली. "माझ्या लेकराला झटके येत्यात, आई. हात ठेव डोक्यावर." बोलता बोलताच पोर तिच्या हातात ताठ झालं. अप्पा हळूच पुटपुटले, "अंगारा लाव." अक्का पुढं झाली. पोराला कुशीवर वळवलं, अंगरख्याचा बंद सोडला आणि ते सैल पडेपर्यंत जवळ बसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, मी देवी न्हाई. मला मिरगी हाय, ह्यालाबी तीच हाय. नांदेडला दवा मिळती. उद्याच ने."

चाकूरकरांनी बशा खाली ठेवल्या. पण ती बाई उठेना. अक्काकडं बघत म्हणाली, "मग माझ्या थोरल्याच्या तापात 'दवाखाना नगं, अंगारा लाव' असं कोण बोललं व्हतं? पोरगं गेलं माझं." अप्पा खांबाला टेकले. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी."

दुसऱ्या दिवशी तीच त्या मायलेकरांना घेऊन नांदेडला गेली आणि त्या खोलीतच कामाला राहिली. पोरगं सुधारलं. माझं चाकूरचं मोडलं, पुढं दुसरीकडं जमलं. अप्पांनी मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, तिच्या शेवटच्या आजारात, मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "अक्का, बोलले अप्पा होते. तू बेशुद्ध होतीस. कशाला अंगावर घेतलंस?"

तिनं मान हलवली. "झटका गेला की शुद्ध येती गं, अंग तेवढं हलत न्हाई. त्या बाईचं रडणं, अप्पाचं बोलणं, समदं मला ऐकू येत व्हतं." तिनं माझा दंड धरला. "डोळे उघडाय येत व्हते मला. उघडले न्हाईत."