भट्टीपुढचा लंगोट

दिनांक २ मार्च १९८६, रविवार. घाटकोपरच्या भटवाडीतील एका चाळीत, चारचौघांदेखत, मालन नावाच्या विवाहितेला आपली ट्रंक भरून ठेवण्यास सांगण्यात आले. आरोप असा की लग्नाला सात वर्षे होऊनही तिला मूल नाही. पुरावा कोणताही नाही. तिची गर्भपिशवी साफ करून झाली होती, नळ्यांत औषध सोडून फोटो काढून झाले होते. त्या फोटोच्या दिवशी ती भिंतीला धरून घरी आली होती. निकाल दर वेळी एकच : दोष नाही. तिच्या नवऱ्याची तपासणी मात्र एकदाही झालेली नव्हती, आणि ती व्हावी असे मालन सोडून त्या खोलीत कोणाच्या मनालाही शिवले नव्हते. ही गोष्ट नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

नवरा म्हणजे गुणाजी. संपात गिरणी गेली, तेव्हापासून तो साकीनाक्याच्या एका ओतशाळेत भट्टीवर होता. छाती दाराएवढी, मान बैलासारखी. सोळाव्या वर्षी वाडीतल्या व्यायामशाळेत वस्तादांनी त्याला लाल लंगोट बांधला आणि बजावले, "हा सोडायचा तो फक्त धुवायला." गुणाजीने ते अक्षरशः पाळले. लग्न झाले तरी पाळले. वितळलेल्या बिडासमोर दिवसभर उभे राहतानाही पँटखाली तो करकचून आवळलेला असे. गॅलरीतल्या दोरीवर त्याचा दुसरा लंगोट वाळत पडे, आणि त्याची आई सोनूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवी.

त्या रविवारी सोनूबाईने बेत जाहीर केला. शिमग्याला सगळ्यांनी संगमेश्वरला जायचे, वाटेत मालनला तिच्या माहेरी उतरवायचे, आणि गावातली कमळ नावाची मुलगी पाहून यायची.

"आये, जरा थांब ना," गुणाजी पुटपुटला.

"काय थांबू? तुझे केस पिकायची वाट बघू? शेजारची जया मला विचारते, मावशी, पाळणा कधी? काय सांगू तिला?"

मालन भांडली नाही. रात्री भांडी घासून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "मी जाईन. पण आता मला तपासतात त्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला कितीदा बोलावलंय. एकदा या. मग ट्रंक मीच उचलीन."

"मला? मला काय धाड भरलीय? अख्ख्या वाडीत माझ्याशी पंजा लढवणारा एक दाखव."

"पंजा लढवायला नाही बोलावलं हो," मालन म्हणाली, आणि तोंड फिरवून भिंतीकडे निजली. तिच्या पाठीकडे पाहता पाहता गुणाजीला भिंत धरून येणारी ती आठवली. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला.

डॉक्टर सुहासिनी साठीच्या होत्या, आणि त्यांना आडपडदा ठाऊक नव्हता. गुणाजी खुर्चीच्या कडेवर बसला होता, नमुन्याची बाटली समोर, नजर फरशीवर.

"बाईमाणसासमोर हे कसं बोलायचं?"

"तुमच्या बायकोला पुरुष डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का हो हे?"

तेव्हा गुणाजीने खरी भीती सांगितली. वस्ताद म्हणत, किती रक्त आटते तेव्हा वीर्याचा एक थेंब बनतो. तो असा बाटलीत घालवला तर भट्टीवर उभे कसे राहायचे?

"रक्ताचा त्याच्याशी संबंध नाही. आणि साठवून ठेवाल म्हणता, तर शरीर ते स्वतःच जिरवून टाकतं. द्या बाटली आणि जा कामावर."

दुसऱ्या खेपेस त्याने आणलेल्या बाटलीतला एक थेंब त्यांनी काचेवर घेतला आणि गुणाजीला सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायला सांगितले. आधी नुसता धुरकट उजेड. मग त्या उजेडात काहीतरी हलले. टाचणीच्या डोक्यासारखे डोके, मागे केसाहून बारीक शेपटी. ते वळवळत, धडपडत पुढे सरकले, थांबले, पुन्हा सरकले.

"हे जिवंत आहे?"

"जिवंत आहे. तुमचंच आहे."

बराच वेळ तो डोळा हलवीना. ज्या थेंबाला तो आजवर नुसती साठवायची ताकद समजत होता, त्यात कोणीतरी कुठेतरी निघाले होते. आपल्या आजोबांचे नाक, आईचा आवाज, आपला रंग, हे सगळे एवढ्याशा डोक्यात बांधून! देवळातही त्याने इतक्या सावकाश हात जोडले नव्हते.

"पण फार थोडे आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "आणि जे आहेत त्यांतले पुष्कळसे निपचित. चांगल्या थेंबात गर्दीमुळे मोजता येत नाहीत. पुरुषपण आणि बीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं पहिलं शाबूत आहे, दुसरं अशक्त." मग त्यांनी विचारले, काम काय करता, आत काय घालता.

उत्तर ऐकून त्यांनी कागदावर पेन्सिलीने आकृती काढली. हृदय बरगड्यांच्या आत, मेंदू कवटीच्या आत. मग वृषणांसारखी एवढी मोलाची वस्तू बाहेर का लोंबती ठेवली असेल? कारण बीज शरीराच्या उबेत नीट तयार होत नाही, त्याला किंचित गारवा लागतो. म्हणून थंडीत ती पिशवी आकसून अंगाशी येते आणि उन्हाळ्यात सैल पडून दूर जाते. कोणी न सांगता, माणूस झोपेत असतानाही. आत धाग्यासारख्या नळ्यांची वेटोळी. मागे आणखी एक नळी, उलगडली तर या खोलीच्या दोन भिंतींनाही पुरून उरेल, ती बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत गुंडाळलेली. नवे बीज घडायला अडीच महिने लागतात, मग त्या नळीतून जाता जाता ते पोहायला शिकते.

गुणाजी ऐकत राहिला. लहानपणी नदीत उतरताना अंग आकसते हे त्याने हजारदा अनुभवले होते, पोरांबरोबर त्यावर हसला होता. ती शहाणपणाची हालचाल होती तर! आणि आपण वर्षानुवर्षे तिला आवळून बांधून भट्टीपुढे उभे केले.

शाळेत याच गुणाजीला बेडकाचे काळीज आणि झुरळाचे पाय तोंडपाठ करायला लावले होते. माणसाचा हा पाठ मात्र मास्तरांनी "घरी वाचा" म्हणून उलटला. त्या एका उलटलेल्या पानाची किंमत मालन देत होती.

"मग याच्यामुळेच झालं का?"

"खात्रीने नाही सांगत. दुसरीही कारणं असू शकतात, ती आपण शोधू. पण आधी हा लंगोट सोडा, भट्टीपासून दूर व्हा, आणि तीन महिन्यांनी या."

घरी मामा दशरथ शिमग्याच्या गाडीचे ठरवायला आलेला होता. ट्रंक दाराशी होती. गुणाजीने दोरीवरचा लंगोट ओढून काढला आणि आईच्या पुढ्यात ठेवला.

"आये, कमी माझ्यात आहे. मी डोळ्यांनी बघून आलोय."

"बायकोनं पढवलंन तुला!"

"दुर्बिणीतनं पढवता येत नाही. तिला माहेरी सोडायचं असेल, तर मलाही तिथंच सोडा."

"अरे, पैलवान ना तू? लोक काय म्हणतील?" मामा म्हणाला.

"तिला म्हणत होते तेव्हा तुम्ही कधी विचारलंत?"

मालनने ट्रंक उघडली आणि आपली लुगडी एकेक करून पुन्हा फळीवर ठेवली.

गुणाजीने मालकाला गाठून वाळूचे साचे भरण्याचे काम मागून घेतले. पावसाळ्यात तो पुन्हा त्या काचेवर वाकला, आणि या वेळी मालनलाही बघायला लावले. उजेडात आता गर्दी होती, शेपट्यांची लगबग होती. "अगं बाई," एवढेच ती म्हणाली, आणि तिने नकळत पदर डोक्यावर घेतला.

पुढे मूल झाले की नाही, हे मुद्दामच लिहिलेले नाही. ही तक्रार मूल नसल्याची नव्हतीच, विनातपास मालनला दोषी ठरवल्याची होती.

वाचकहो, तुमच्या घरात पाळणा हलत नसेल, तर सुनेला दुसऱ्यांदा तपासणीला पाठवण्याआधी मुलाला पहिल्यांदा पाठवा. आणि तुमच्या मुलांच्या शाळेत जाऊन तो उलटलेला पाठ वर्गात शिकवायला लावा.