अबोला आणि चादर

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात कुणाचा हात पोचत नसे तिथे तिचा पोचायचा, म्हणून वडिलांनी ते ठेवलं आणि बघता बघता शाळेपर्यंत पसरलं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई आणि मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. "मी दिवसभर वर-खाली, या दोघी मशीनपाशी गरगर, आणि पोरगी नुसतीच वर," अशी वडील सगळ्यांची ओळख करून देत.

शाळेच्या कार्यक्रमात शिडीची जागा ठरलेली, शेवटच्या रांगेत. ती पुढे आली की मागच्या मुलांचे आईबाप कुरकुर करायचे. पण नाचायला तिला जिवापाड आवडायचं. म्हणून अकरावीत विषय निवडताना तिने जीवशास्त्र आणि गणिताच्या जोडीला नृत्य घेतलं. तेही हौसेचं नव्हे, प्रगत स्तराचं, बोर्डाच्या परीक्षेचं.

"नाचाची परीक्षा?" आई म्हणाली. "त्यात नापास कसं होतात?"

"पडून," वडील म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात कळलं की नापास व्हायचे आणखीही बरेच मार्ग आहेत. लेखी पेपर होता. हाडं, सांधे, स्नायू सगळं पाठ हवं. दुसऱ्यांची नृत्यं पाहून पानंच्या पानं लिहायची. शिडी भाजी चिरता चिरता स्नायूंची नावं घोकायची. ती तिच्याआधी वडिलांनाच पाठ झाली, आणि गुडघा दुखला की त्यातलं नेमकं काय दुखतंय हे ते ऐटीत सांगू लागले.

नृत्याच्या बाई बुटक्या, तोंडाने फटकळ. जुन्या व्यायामशाळेत तास घ्यायच्या. शिडी खांदे पाडून उभी राहायची, ते त्यांनी चारेक दिवस पाहिलं.

"छताला घाबरतेस का गं?"

"नाही, बाई."

"मग वाकतेस कशाला? ते खूप लांब आहे."

सगळे हसले, शिडीही हसली. पण त्या दिवसापासून ती आरशात स्वतःला डोक्यापर्यंत पाहायला लागली. आधी डोकं आरशात मावतच नसे. आता ती हट्टाने दोन पावलं मागे जाऊन उभी राहायची.

बारावीत स्वतःची रचना बसवायची होती. शिडीने विषय घेतला दुःख. तीन मुली जमिनीवर लोळायच्या, उठायच्या, हात पसरायच्या आणि पुन्हा लोळायच्या.

"हे कुणाचं दुःख?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचं."

"तुझं काही?"

शिडीने प्रामाणिकपणे विचार केला. "मला तसं फारसं नाहीये, बाई."

"मग जे आहे ते आण."

काय आहे आपल्याकडे, या विचारात ती घरी आली, तर आईचा चष्मा टेबलावरच राहिलेला. तो द्यायला ती लाँड्रीत गेली. त्या दिवशी आई आणि मावशीचा अबोला होता. आईने केस रंगवले होते आणि मावशी म्हणाली होती, "रंग लावलायस की शेवाळ धरलंय?"

दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत होत्या. बोलणं मात्र इस्त्रीवाल्या काकांमार्फत.

"हिला सांगा, हळू ओढ म्हणावं."

"हिला सांगा, मी ओढत नाहीये."

काका बिचारे मान वळवून वळवून थकलेले. पण चादरीला या भांडणाचा पत्ताच नव्हता. दोघी मागे सरायच्या, एक झटका, मनगटाचा एक वळसा, मग पुढे यायच्या, बोटांना बोटं लागायची. तोंडं मात्र दोन दिशांना. एकीचाही हात चुकत नव्हता. शिडी चष्मा हातात धरून कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने लोळणाऱ्या मुलींना उठवलं. दोघी रुसलेल्या आणि मध्ये एक निरोप्या, अशी तिघींची रचना. रुसलेल्यांतली एक शिडी स्वतः, दुसरी वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. चादर मात्र नाही, नुसते हात. पण जमेना. अंतर चुकायचं, बोटं हवेत राहायची. शेवटी शिडीने आई-मावशीलाच तालमीला बोलावलं. एव्हाना अबोला सुटला होता. दोघी आल्या, समोरासमोर उभ्या राहिल्या आणि गोंधळल्या.

"चादर कुठंय?" मावशी म्हणाली.

"चादर नाहीये. आहे असं समजायचं."

"समजून घडी कशी घालायची? पगार पण समजूनच घ्यायचा का?"

बाई पोट धरून हसल्या आणि कपाटातून पडदा काढून दिला. मुली तो पडदा घेऊन रोज घड्या घालत बसल्या, हातांना अंतर कळेपर्यंत. मग पडदा काढून घेतला, तरी तो दिसतच राहिला.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कोऱ्या चेहऱ्याचे. आधीच्या रचना त्यांनी पेन हलवत पाहिल्या. शिडीच्या वेळी निरोप्या झालेली मुलगी तिसऱ्यांदा धावली आणि परीक्षकांच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. शिडीला मात्र अंगात वारं शिरल्यासारखं वाटलं. तिने हात ताणला, अगदी पूर्ण, आणि बुटकी तिच्या बोटांपर्यंत टाचा उंचावून पोचली. हसणं थांबलं. पेनही थांबलं.

मार्क उत्तम पडले, सर्वोत्तम नव्हे. शेवट थोडा लांबला, असा शेरा होता. शिडीने तो मान्य केला. आईने केला नाही.

पालकांसाठी पुन्हा प्रयोग झाला तेव्हा पहिली रांग लाँड्रीने अडवली. इस्त्रीवाले काका स्वतःला ओळखून लाजले. वडील भलत्याच जागी टाळ्या वाजवून मोकळे झाले.

आता शिडी एका छोट्या नृत्यसंस्थेत आहे. गावोगावच्या शाळांतून प्रयोग करते, रचना बसवते. घरी मात्र त्या रचनेत कोण म्हणजे कोण, हा वाद अजून मिटलेला नाही.

"ती उंच होती ना, ती मी," आई म्हणते.

"तू कसली उंच?" मावशी म्हणते. "उंच ती मी. तू ती तोंड फुगवलेली."

"तोंड दोघींचंही फुगलेलं होतं," वडील म्हणतात, आणि चहा ठेवायला उठतात.