उसवायचं नाव

कारध्याच्या शकुंतलाबाईंच्या शिवणक्लासात नवी पोरगी आली की आधी तिच्या हाती मांजरपाटाचा तुकडा पडायचा. त्यावर धावदोरा, काजं, गाठीचा टाका आणि शेवटी साखळी टाक्यात एकच नाव: शोभा. स्वतःचं नाव काढायची मुभाच नाही. नाव तपासलं की बाई म्हणायच्या, "आता उसव." मागची गाठ कापून दोरा ओढला की अख्खी साखळी सरसर निघून यायची. पोरींना वाटे, ही बाईंची शिकवायची रीत. कसली रीत हो! सूड होता तो, चांगला मुरलेला.

शोभा म्हणजे भंडाऱ्याच्या कापडवाल्याची पोर, शाळेत शकुंतलेच्याच बाकावरची. तेव्हा शिवणाच्या तासाला प्रत्येकीनं असंच नमुन्याचं कापड भरायचं आणि कोपऱ्यात आपलं नाव काढायचं. जिचं कापड पहिलं येईल, तिला शाळा नागपूरला शिवणाच्या ट्रेनिंगला पाठवणार होती. शकुंतलेनं त्या कापडात जीव ओतला. तपासणीच्या दिवशी बघते तर कापड तिचं, टाके तिचे आणि नाव शोभाचं! रडली, ओरडली; पण कापडवाल्याच्या पोरीपुढे विणकराच्या पोरीचं ऐकतंय कोण? शोभा नागपूरला गेली आणि सरकारी शाळेत शिवणबाई झाली. शकुंतला लग्न होऊन पुलापलीकडे कारध्यात आली, घरच्या छपरीत क्लास घेत राहिली. राग मात्र तिनं एक दिवस थंड होऊ दिला नाही.

यंदा क्लासात खुशबू आली. नाव पूर्ण झालं तशी हरखून म्हणाली, "बाई, हे तं माह्या आजीचं नाव! आजी शाळेत शिवणबाई होती. दाखवू तिले?"

शकुंतलाबाईंनी खुशबूचा चेहरा नीट निरखला. मग हसू आलं. "ने. उसवू नोको. आन पोरीहो, तुमीबी आज कोणी उसवू नोका."

दुसऱ्या दिवशी शोभाताई ऑटोतून उतरल्या. हातात ते कापड, डोळ्यांत पाणी. "शकू, माह्यं नाव तू पोरींच्या हातून भरून घेऊन राहिली? मले वाटे, तू अजून रागात हायेस. माफ केलं न मले?"

माफ! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज मात्र गोड. "बस न, शोभा. पोरीहो, नाव झाल्यावर आपण काय करतो, ते आजीले दाखवा."

पोरींनी कापडं उलटी केली. कात्र्या चालल्या, दोरे ओढले गेले. एकेक करून सगळ्या कापडांवरची शोभा निघून गेली. शोभाताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजी, तुह्यं नाव काहून उसवते बाई?" खुशबूनं विचारलं.

शकुंतलाबाईंनी कात्री शोभाताईंच्या मांडीवर ठेवली. "एक राह्यलं, तुह्या हातातलं. उसव. तुले शिकवा लागत नाई. नाव उसवाचं तुले शाळेपासून येते."

शोभाताईंनी नातीकडे पाहिलं नाही. मान खाली घालून कापड उलटं केलं आणि गाठ शोधू लागल्या.