जाड बुडाची वेज

"चिंच! लोखंडाला कुणी चिंच लावतं का?"

कुरकुर अगदी कानाशी येते. दुपारची जेवणं उरकून वासंती दिघे गॅलरीतल्या आरामखुर्चीत जरा लवंडलीय. डोळे मिटलेत, पण शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी अजून ऐकू येतेय. तिला वाटतं, नणंद निर्मलाच असेल. पण आवाज जाडा आहे, आणि त्याला भाजक्या सुपारीचा वास आहे. असा आवाज घरात एकच होता, आणि तो जाऊन आता वर्ष होत आलंय.

"गंज चढला होता, अहो," ती डोळे न उघडताच म्हणते.

"चढू द्यायचाच होता! क्रोमचा मुलामा मुद्दामच दिला नाही मी, उन्हात डोळ्यांवर चकाकायला नको म्हणून. आणि तू ती देवाच्या उपकरणीसारखी लखलखीत केलीस!"

यशवंतराव बंकरमध्ये, गोल्फच्या मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, उभे आहेत. अंगात बनियन, डोक्यावर गोल्फची टोपी, एका हाताला हातमोजा. हातात ती वेज, ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, जवळ आल्यावर बॉल अलगद उचलायची काठी, त्यांनी स्वतः घासून-तासून केलेली. रविवारी क्लबात बायकांची स्पर्धा आहे. वासंतीनं नाव दिलंय, आणि खेळायचं ते याच वेजनं असा तिचा हट्ट. अडचण एवढीच, की वेज तिचं ऐकत नाही. वाळूवर आपटते, उसळते आणि बॉलच्या पोटात बसते. बॉल थेट पार्किंगमध्ये. वेज दुरुस्त करायचं नाव काढलं की क्लबातले हळहळतात, "राहू द्या वहिनी, यशवंतरावांची आठवण आहे." निर्मला तर ती फडक्यात गुंडाळून ठेवते.

"मारून दाखव," ते म्हणतात.

ती मारते. ठण्ण! बॉल कुठे गेला ते दोघंही बघत नाहीत.

पायाखाली आता वाळू नाही, भलीमोठी परात आहे आणि परातीत रवा. यशवंतराव रव्यात उकिडवे बसून वेजचं बूड न्याहाळतात.

"जाड ठेवलंय मी. वाळूत रुतायला नको. पुस्तकात तसंच होतं."

"पुस्तकातल्या वाळूत पाय घोट्यापर्यंत जातो. आपल्याकडे वर चिमूटभर वाळू, खाली नुसता मुरूम."

"हं."

"घावन काढायला उलथनं पातळ लागतं. तुम्ही माझ्या हातात डाव दिलाय, अहो."

यशवंतराव पोट हलवून हसतात. "मग घास की बूड. टाचेकडून जरा जास्त."

"तुमच्या हातची शेवटची वस्तू आहे ती."

"शेवटचा तर मी तुझ्याकडे चहा मागितला होता. तो ठेवलास का जपून?"

तिला हसू फुटतं. परात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतलं टेबल झालीय. कानस वासंतीच्या हातात, ते पाठीशी उभे.

"पुढे नेताना दाब, मागे आणताना सोड. हं, अशी. स्वयंपाकात एवढा हलका हात नव्हता कधी तुझा."

"तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात."

कानस करकरते. उन्हात लोखंडाचा कीस उडतो.

"अहो, एक विचारू? तुम्ही या वेजनं बंकरमधून कधी—"

"हातमोजा कुठे ठेवलास माझा?" ते घाईघाईनं म्हणतात आणि शोधायला खाली जातात. हातमोजा त्यांच्या हातातच आहे. जिना वाजत नाही.

"वहिनी, चहा."

निर्मला समोर उभी. वासंती कप घ्यायला हात पुढे करते आणि थांबते. नखांत करडा, खरखरीत कीस आहे. बोटांवर चोळला तर चमकतो.

"निर्मला, मी त्या वेजचं बूड घासणार आहे. रविवारच्या आत."

निर्मला कप कठड्यावर ठेवते. आता ही रडणार, असं वासंतीला वाटतं. निर्मलाचे ओठ थरथरतातही, पण भलत्याच कारणानं.

"घासा, वहिनी. दादाला त्या वेजनं बंकरमधून बॉल कधी काढताच आला नाही. कुणी बघत नाहीसं पाहून हातानं उचलून बाहेर टाकायचा तो. आणि अख्खा क्लब बघत असायचा."