होणाऱ्या विहीणबाईंना मी कोठडीत टाकलं

संशय घेणं हा माझा छंद नाही, प्रकृती आहे. दूधवाला हसला तरी मी दूध दोनदा उकळायला लावतो. त्यामुळे आमची एकुलती एक केतकी म्हणाली, "बाबा, मी मुलगा पसंत केलाय," तेव्हा मी सावध झालो.

रविवारी तो ओंकार आणि त्याची आई मालाडहून आमच्या मुलुंडच्या घरी आले. पोहे पुढे करत मी विचारलं, "सुट्टीत काय करता?"

"मित्र जमून गोष्ट खेळतो, काका. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते फासे सांगतात."

मी विरघळलोच! लहानपणी मी असल्याच पुस्तकांवर वाढलो. 'दार उघडायचं असेल तर अमुक पान, पळायचं असेल तर तमुक पान.' त्या पुस्तकांतल्या गुहांमध्ये मी कधीच मेलो नाही, कारण मागच्या पानात माझं बोट कायम अडकवलेलं असे. मरण दिसलं की बोटावरून परत.

"मग खेळूया की आत्ता," मी म्हणालो. शिवाय खेळात माणूस कळतो. ओंकारने खिशातून फासे काढले. (मुलीकडे येताना खिशात फासे? मनात नोंद केली.)

गोष्ट अशी, की रानातली सराई, बाहेर वादळ. मी जखमी पहारेकरी, ओंकारची आई वैद्यीण.

"वैद्यीणबाई तुम्हाला काढा देतात," ओंकार म्हणाला.

"आधी त्यांना प्यायला लाव."

"अहो, औषध आहे ते," त्याची आई हसत म्हणाली.

"ओळख ना पाळख, फुकट औषध कोण देतं?"

"बाबा, पी ना गप," केतकी कुजबुजली.

मी फासा टाकला. सहा पडले! "यांना कोठडीत टाका," मी गरजलो.

आईंचं हसू मावळलं आणि आतली मालवणी बाहेर आली. "माझ्या हातचो काढो चलणा नाय, मगे चेडू माझ्या घरात कसा देतलास?" (चेडू म्हणजे आमची केतकी. तिचे डोळे भरले होते.)

"थांबा, मी मागे जातो. माझं बोट होतं त्या पानावर."

"काका, इथे मागचं पान नसतं," ओंकार मान खाली घालून म्हणाला.

"अहो, माफी मागा," बायको म्हणाली.

"खेळात की खऱ्यात?"

"दोन्हीकडे!"

दोन्हीकडे मागितली. कोठडी उघडली, काढा प्यायलो. फाशावर एक पडला, आणि ठसका लागून पहारेकरी जागीच गेला. आई खळखळून हसल्या आणि त्यांनी आणखी पोहे मागितले.

लग्न ठरलं. देणंघेणं नाही, मानपान नाही. ओंकारच्या आईंची अट एकच, बोलणी करायला मुलीच्या वडिलांना बसवायचं नाही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायकोने ती मान्य केली. त्याआधी दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. अट नक्की कोणाची, याचा मी अजून तपास करतोय.