लेकीला घरी न्यायला गेलेली मंगळी

...तर मुरबाडला जीपमधून उतरेपर्यंत मंगळीनं कुणाशी शब्द काढला नाही. शेणव्याच्या वरच्या पाड्यावरची ही बाई. एरवी राखणीच्या मचाणावरून, माळ्यावरून, तिनं हाळी दिली की पार खालच्या शेतातली पाखरं उडायची. त्या दिवशी मात्र दातखीळ बसल्यासारखी गप्प. एकच ठरवून आली होती, चिमीला शाळेतून काढायचं आणि घरी न्यायचं.

कारण काय, तर खेळ. भाताची झोडणी चालली होती, तेव्हा आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली चिमी म्हणाली होती, "आये, मी सॉफ्टबॉल खेळते. बेसबॉलची धाकटी बहीण गो ती. दांडूवालीच्या पाठी बसायचं न् चेंडू झेलायचा." मंगळीनं हातातली पेंढी तिथंच खाली टाकली. लहानपणी नाचणी राखताना शेजारच्या माळ्यावरून सुटलेला गोफणीचा दगड तिच्या भावाच्या, धाऊच्या डोळ्यावर बसला होता. डोळा गेला तो गेलाच. तेव्हापासून काही सूं करून गेलं की मंगळी मान आखडून घ्यायची.

वसतिगृहाच्या रश्मीबाई मैदानावर भेटल्या. म्हणाल्या, "मंगळीताई, एवढा सामना होऊ द्या, मग न्या लेकीला." मंगळी बसली, पण कुठं? चेंडूपासून जितकं लांब जाता येईल तितकं, फेकणाऱ्या पोरीच्या पाठीमागं, कुंपणाला टेकून. समोर दूर चिमी उकिडवी बसलेली, तोंडाला लोखंडी जाळी. फेकणारीनं हात गरकन फिरवला. अगदी गोफण! मंगळीनं डोळे मिटले. चिमीच्या हातमोज्याच्या चामड्यात धप्प आवाज झाला. उघडून पाहते तर चिमी जागच्या जागी.

मग एकीनं चेंडू टोलवला, दांडू टाकला आणि जिवाच्या आकांतानं पळत सुटली. मंगळी डोक्यावर पदर घेऊन पालथी पडली. तिला वाटलं, आग्या मोहोळच उठलं!

"अहो, उठा! पहिल्या गादीपर्यंत, बेसपर्यंत पळायचं असतं तिला," रश्मीबाई हसून लोळायच्या बाकी होत्या.

उठली, पदर सावरून पुन्हा कुंपणाला टेकली. नजर चिमीवरून हलेना. आणि मग तिला दिसलं, दोन मांड्यांच्या मध्ये चिमीची बोटं हलत होती. माळ्यावर बसलं की डुकराला चाहूल लागू नये म्हणून पाड्यावरची माणसं अशीच बोटांनी बोलतात. एक बोट दाखवलं, चेंडू सरळ आला. दोन दाखवली, चेंडू खाली आला. पुन्हा दोन, पुन्हा खाली. म्हणजे दगड पोरीवर येत नव्हता, पोरगीच त्याला बोलावत होती.

"बाई, आता सरळ येनार बगा," मंगळी कुजबुजली. तसंच झालं. पुढचंही खरं ठरलं. मंगळीला अशी रंगत चढली की भीती क्षणभर विसरलीच, आणि चिमीनं दोन बोटं दाखवताच हिनं माळ्यावरची हाळी दिली, "आता खालून येतोय गो!"

मैदानभर ऐकू गेलं. दांडूवालीलाही गेलं. ती वाकली, दांडू चेंडूला निसटता लागला आणि चेंडू उसळून सणकन चिमीच्या तोंडावर बसला. चिमी आडवी.

मंगळीचा हात आपोआप स्वतःच्या डोळ्यावर गेला. धाऊ, नाचणी, रक्त, सगळं एकदम समोर आलं. ओरडायला तोंड उघडलं, तर तिनं पदराचाच बोळा त्यात कोंबला.

पंच धावले. चिमी उठून बसली. जाळी काढली, दोन्ही डोळे चोळले, दोन्ही शाबूत. जाळी परत चढवली, कुंपणाकडे पाहिलं आणि जाळीवर, ओठांपाशी, एक बोट ठेवलं.

रश्मीबाईंचाच चेहरा पांढराफटक पडला होता. "मंगळीताई, माझंच चुकलं. चला, आत्ताच घेऊन जा तिला."

मंगळी कुंपणापासून हलली नाही. पदराचा बोळा दातांत धरलेला, पण डोळे समोर पुन्हा उकिडव्या बसलेल्या चिमीच्या बोटांवर रोवलेले. बोळा जरासा काढून ती म्हणाली,

"गप ऱ्हावा ना बाई, पोरगी काय सांगतेय ते बगू द्या."