लुकलुकणारी रेघ

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाबांनी सुटे भाग जुळवून उभारलेला हा संगणक कित्येक दिवस सुरूच होत नव्हता. आज मी त्याची लिनक्स प्रणाली दुरुस्त केली. तिची शिस्त मला आवडते. काय बिघडले ते ती ओळीओळीने सांगते, आणि सांगितलेला दोष शोधता येतो. आता ती फक्त बाबांचा पासवर्ड मागत होती; त्याशिवाय आतले काहीच उघडत नाही. त्या कुलपाआड आईचा ध्वनिमुद्रित आवाज आहे. ती गेल्यानंतर तो दुसरीकडे कुठेही उरलेला नाही.

“बाबा, पासवर्ड लिहून ठेवा,” असे मी पूर्वी म्हणाले, तेव्हा ते हसले होते. “लिहूनच ठेवायचा, तर कुलूप कशाला लावू, शहाणे?”

आता त्यांची स्मृती विझत चालली आहे, आणि तिथे दोष सांगणारी एकही ओळ उमटत नाही. माझ्या शेजारी बसून त्यांनी चाचपडत काही अक्षरे दाबली. पासवर्ड चुकला.

“बाबा, आठवतंय का काही?”

ते माझ्याकडे वळले आणि अदबीने म्हणाले, “ताई, हे मशीन तुमचं का हो?”

पडद्यावरची प्रणाली निदान ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे म्हणत होती.